पिल्लं उडेपर्यंत

पावसाळा सरून दसरा उजाडला की महाराष्ट्रात बांधकामाला जोर येतो. चिखल वाळतो, भातकापणीला गावी गेलेले मजूर दिवाळी करून परततात आणि तिथून मेअखेरपर्यंत पोकलेन, डंपर, क्रेन यांना उसंत नसते. त्यातही फेब्रुवारी-मार्च म्हणजे घाईचा कळस. मंजूर निधी ३१ मार्चच्या आत खर्ची पडला नाही तर पुढच्या वर्षी त्यासाठी पुन्हा हात पसरावे लागतात, हे सरकारी कामं केलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. शिकारी पक्ष्यांचं वेळापत्रकही जवळपास हेच आहे. पाऊस थांबला की समुद्री गरुड जुन्या घरट्याची डागडुजी काढतो, शृंगी घुबड थंडीत अंडी घालतं, घारीच्या घरट्यात ऐन मार्चएंडच्या धावपळीत पिल्लं असतात आणि शिक्रा उन्हाळ्याच्या तोंडाला अंड्यांवर बसतो. आपली सगळ्यात मोठी धांदल आणि त्यांची सगळ्यात नाजूक वेळ एकच.

हे आधी सांगितलं, कारण बांधकाम आणि शिकारी पक्ष्यांची घरटी या विषयावरची चर्चा बहुधा खलनायक शोधण्यापासून सुरू होते. बिल्डर लोभी, महापालिका झोपलेली, वगैरे. माझी उमेदीची वर्षं साइटवर गेली. हौसेने घरटं पाडणारा माणूस मला तिथे क्वचितच भेटला. वर बघणं हे कुणाचंच काम नव्हतं, एवढंच. तंटा तारखांचा आहे आणि तो मिटवायचा तर तारखाच आधी जुळवाव्या लागतील.

कायदा तसा कडक आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात रानपक्ष्यांची अंडी फोडणं तर येतंच, पण अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणंही येतं. २०२२ च्या दुरुस्तीने या कायद्याच्या अनुसूची, म्हणजे कोणत्या जिवाला किती संरक्षण हे ठरवणाऱ्या याद्या, कमी होऊन चारवर आल्या, तरी आपले शिकारी पक्षी पहिल्या दोन अनुसूचींमध्येच राहिले आणि त्यांच्या शिकारीला मनाई कायम राहिली. पहिल्या अनुसूचीतल्या जिवासाठी शिक्षा तीन ते सात वर्षांची. कागदावर याहून जास्त काय हवं?

पण हा कायदा जागा होतो तो घडून गेल्यावर. सप्टेंबर २०२२ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात रस्ता रुंद करताना चिंचेचं एक झाड यंत्राने आडवं केलं. त्यावर पाणपक्ष्यांची वसाहत होती. मोठे पक्षी उडाले, पिल्लं डांबरावर आपटून मेली. चित्रफीत देशभर फिरली, वनखात्याने गुन्हा नोंदवला, मंत्र्यांनी संताप व्यक्त केला. तो रस्ता होता राष्ट्रीय महामार्ग ६६. आपला मुंबई-गोवा महामार्ग याच रस्त्याचा उत्तरेकडचा तुकडा. काही आठवडे ते झाड शेवटच्या यादीत टाकलं असतं तर ना पिल्लं मेली असती, ना गुन्हा झाला असता, ना यंत्र जप्त होऊन काम अडलं असतं. रस्ता तर तसाही तिथूनच जाणार होता.

शिवाय त्रास म्हणजे नेमकं काय, किती अंतरावरून, कोणत्या महिन्यात, हे कायद्यात नाही. साइट इंजिनिअरला ‘त्रास देऊ नका’ एवढं सांगून काही होत नाही. त्याला मीटरमध्ये आणि तारखेत सांगावं लागतं. अमेरिकेत बाल्ड ईगल या गरुडासाठी तिथल्या वन्यजीव खात्याने २००७ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. इमारतीचं काम घरट्यावरून दिसत असेल तर साधारण ६६० फूट लांब राहा, मध्ये आडोसा असेल तर ३३० फूट चालतील. आकडे उचलून इकडे चिकटवण्यात अर्थ नाही. दादरला किंवा कोथरूडला ६६० फुटांचं वर्तुळ काढलं तर त्यात शाळा, मंगल कार्यालय आणि चार सोसायट्या येतील. घ्यायचा आहे तो त्यांचा विचार: पक्ष्याला काम दिसतं की नाही, यावर अंतर निम्म्याने बदलतं.

आपल्या घारीच्या बाबतीत तर हे फारच खरं आहे. रेनट्रीच्या दुबेळक्यात किंवा मोबाइल टॉवरवर काड्या, तारा, चिंध्या, प्लॅस्टिक असं मिळेल ते रचून तिने घर मांडलेलं असतं. खालचे हॉर्न, मिक्सरची घरघर, लाउडस्पीकर यांचं तिला सोयरसुतक नसतं. ती जागा तिने हे सगळं ऐकूनच निवडलेली असते. तिला खरी भीती वाटते ती समोरासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाची. म्हणून झाडाशेजारी इमारत उठत असेल तर पहिले दोन-तीन स्लॅब ती ढिम्म असते. चौथ्या-पाचव्या स्लॅबचं सेंटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, लागतं, प्लायवूडची फळी खांद्यावर घेतलेला माणूस एकदम तिच्या डोळ्यांच्या पातळीवर, स्लॅबच्या कडेला येतो आणि ती उठते. तिच्या उठण्याकडे कावळ्याचं लक्ष असतंच. कावळा आला नाही तरी मार्चमधलं दुपारचं ऊन आहे. पिसं न आलेल्या पिल्लाला स्वतःचं अंग थंड राखता येत नाही. आईची सावली हेच त्याचं छप्पर. ती परत येते, पुन्हा कुणीतरी कडेला जातं, ती पुन्हा उठते. दिवसात असं कितीतरी वेळा. मग एक दिवस ती माणसाच्या डोक्यावर झडप घालते, कामगार घाबरतात, आणि बांबूने घरटं ढकलून द्यायची गोष्ट निघते. कुणी गोळी झाडली नाही, झाड तोडलं नाही, तरी घरटं गेलं.

एका साइटवर सेंटरिंगच्या मुकादमाने यावर काढलेला तोडगा मी पाहिला. धूळ अडवायला हिरवी जाळी लावावीच लागते. एरवी ती कामामागून, सवडीने वर सरकते. त्याने झाडाच्या अंगाची जाळी चालू स्लॅबच्या वर दोन मजले आधीच ओढून घेतली आणि पोरांना सांगितलं की ठोकाठोकी विरुद्ध टोकापासून सुरू करा, इकडचं शेवटी. जाळीआड सावल्या हलत होत्या, आवाज तोच होता, पण कडेला येणारा माणूस दिसत नव्हता. घार बसून राहिली. जादा खर्च म्हणाल तर परांचीचे चार बांबू आणि एका दिवसाची मजुरी. मुकादमाला पक्ष्यांचं प्रेम वगैरे काही नव्हतं. पोरांच्या डोक्यावर टोचे नकोत, एवढाच त्याचा हिशेब.

घारीची अंडी महिनाभर उबवली जातात, पिल्लं साधारण सहा-सात आठवड्यांत उडतात. म्हणजे धरून चला अडीच महिने, फार तर तीन. या काळात अख्खी साइट बंद ठेवा असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. झाडाच्या बाजूचं काम मागे-पुढे करा, घरट्याच्या उंचीवर खुलं काम नको, क्रेनचा दांडा त्यावरून फिरवू नका. कामाच्या वेळापत्रकात, म्हणजे बारचार्टमध्ये, या गोष्टी ऑक्टोबरात बसवल्या तर फुकट बसतात. मार्चमध्ये कुणी तक्रार केल्यावर बसवायच्या म्हटल्या की क्रेनचं भाडं चढतं, ठेकेदार दंडाला घाबरतो, आणि घर घेणारा बिचारा भाडं आणि हप्ता दोन्ही भरत राहतो. पक्ष्यामुळे काम लांबलं म्हणून आरडाओरडा होतो तेव्हा मी आधी विचारतो, घरटं कळलं कधी?

झाड तोडायचंच ठरलं असेल तर तेही महिन्यावर येतं. महाराष्ट्राच्या नागरी भागात १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे. वृक्ष अधिकारी झाडावर नोटीस लावतो, हरकती येतात, वृक्ष प्राधिकरण निर्णय करतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जाही मिळाला. पण मी पाहिलेल्या प्रस्तावांच्या तक्त्यांत झाडाची जात, घेर, उंची, कारण सगळं होतं. घरट्याचा रकाना नव्हता. तो घालायला कायदा बदलायची गरज नाही. आणि परवानगी देताना एक ओळ लिहावी: घरटं असेल तर पिल्लं उडाल्यावर तोडा, नसेल तर जुलै-ऑगस्टमध्ये तोडून मोकळे व्हा. त्या दोन महिन्यांत बहुतेक शिकारी पक्ष्यांची घरटी रिकामी असतात. आज उलटं होतं. परवानगी हातात आली तरी ठेकेदार पावसात झाडाला हात लावत नाही आणि जानेवारीत करवत काढतो. पावसाळ्याआधीच्या फांद्याछाटणीचंही तेच, एप्रिल-मे हा शिक्र्याचा ऐन काळ. पण धोकादायक फांदीपुढे माझाही नाइलाज आहे, तिथे मी फार ताणणार नाही.

‘घारी ढिगाने आहेत, त्यांचं काय एवढं?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. गिधाडंही ढिगानेच होती. गावाबाहेर मेलेल्या ढोरावर ती शेकड्याने उतरत तेव्हा त्यांची मोजदाद करावीशी कुणाला वाटली नाही. जनावरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक पंधरा-सोळा वर्षांत संपली. २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवापरावर बंदी आली तोवर उशीर झाला होता. रायगडात म्हसळा-श्रीवर्धनच्या बाजूला उरलेल्या मोजक्या घरट्यांसाठी महाडच्या सिस्केपसारख्या संस्थेला काय काय करावं लागलं ते पाहिलं की ‘ढिगाने’ हा शब्द वापरताना जीभ अडखळते.

आता इथे मला माझंच म्हणणं जरा मोडावं लागतं. पिल्लं उडेपर्यंत थांबा, मग खुशाल तोडा, हा तोडगा घारीला चालतो, कारण ती पुढच्या वर्षी शेजारच्या झाडावर घर मांडू शकते. समुद्री गरुडाला तो चालत नाही. कोकण किनाऱ्यावरच्या उंच, जुन्या झाडावर त्याची जोडी वर्षानुवर्षं त्याच घरट्याकडे परतते, दर हंगामात काड्यांची भर घालते. असं झाड एका जोडीला किनाऱ्याच्या मोठ्या टापूत एखादंच असतं. खाली मासळीची खाडी, वर भक्कम बेचका, आणि भोवती माणसाची वर्दळ कमी, हे तिन्ही जुळावं लागतं. ते झाड मे महिन्यात पिल्लू उडाल्यावर पाडलं तरी जोडीचं घर गेलंच. इथे तारीख बदलून भागत नाही, नकाशावरची रस्त्याची रेष बदलावी लागते. आणि रेष नेमकी आता आखली जात आहे. रेवस ते रेड्डी हा सागरी महामार्ग, त्यावरचे खाड्यांवरचे पूल, त्यामागून येणारी हॉटेलं आणि बंगल्यांच्या वसाहती. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने समुद्री गरुडाच्या घरट्यांच्या नोंदी करायला सुरुवात केली त्याला कित्येक वर्षं लोटली. म्हणजे माहिती गोळा करणारी माणसं आहेत. ती नोंदवही आखणी करणाऱ्याच्या टेबलावर जमीन मोजण्याआधी पोचली पाहिजे. मोजणी झाली, मोबदला वाटला, मग झाड दाखवून उपयोग नाही. तेव्हा झाड वाचवणं म्हणजे कोर्ट आणि कोर्ट म्हणजे वर्षं.

झाड बहुतेकदा खासगी असतं, हा त्यातला खरा पेच. ज्याच्या आवारात ते उभं आहे त्याला लाकडाचे पैसे मिळणार असतात, जमीन विकायची असते. त्याला पर्यावरणाचं महत्त्व समजावण्यापेक्षा पैसे द्यावेत. नवल वाटायचं कारण नाही, याच किनाऱ्यावर हे आपण करतो. जाळ्यात अडकलेलं कासव किंवा देवमाशासारखा संरक्षित जीव जाळं कापून सोडला तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्य सरकारने २०१८ साली आणली. तशी घरट्याच्या झाडासाठी दरसाल रक्कम का नसावी? आणि विणीच्या हंगामात काम थांबवणं हेही कोकणाला नवं नाही. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, नारळी पौर्णिमेपर्यंत घरात सुकी मासळी चालते. पोटावर पाय येतो तरी मच्छीमार ते पाळतो. मग अडीच-तीन महिने एक कोपरा सोडून काम करणं कोट्यवधींच्या ठेक्याला का जमू नये?

बांधकामाची जागा म्हणजे पत्र्याच्या कुंपणाआतली जागा, असं आपण धरून चालतो. भराव्याचा मुरूम कुठून येतो? खडी कुठून येते? पुण्याच्या पूर्वेला आणि दक्षिणेला, पुरंदर-सासवडच्या माळरानावर, ओढ्यांच्या कडांमध्ये आणि जुन्या खाणींच्या कपारींत शृंगी घुबड राहतं. ते घरटं बांधतच नाही. दरडीतल्या एखाद्या खोबणीत, उघड्या मातीवर दोन-चार अंडी घालतं. ही खोबण आणि मुरमाची कड एकच. पोकलेनच्या बकेटला दोन्हींत फरक करता येत नाही. पुण्याच्या इला फाउंडेशनने या घुबडावर खूप काम केलं आहे. पुरंदर तालुक्यातल्याच पिंगोरीत त्यांचं केंद्र आहे आणि तिथे घुबडांचा उत्सव भरतो, शाळेची पोरं घुबडाचे मुखवटे रंगवतात. आता याच तालुक्यात विमानतळ यायचा आहे. विमानतळाच्या अहवालात पक्ष्यांबद्दल पानं असतील, याची मला खात्री आहे. चिंता आहे ती आजूबाजूच्या टेकड्यांची, कारण भराव्याचा मुरूम एका अहवालाखाली येत नाही, तो छोट्या-छोट्या परवान्यांवर सुटा सुटा निघतो. गौण खनिजाचा परवाना देताना तलाठ्याने कड पाहून यावी, खोबणीखाली पांढरी विष्ठा आणि उंदरांच्या केसांच्या गुठळ्या पडल्या असतील तर तेवढा भाग मेपर्यंत सोडावा. खाण मोठी असते, दुसऱ्या टोकाने खणता येतं.

इमारतींचंही तसंच. वीस हजार चौरस मीटरपेक्षा कमी बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागत नाही, त्यामुळे शहरातले कितीतरी पुनर्विकास त्या चाळणीतून कधी जातच नाहीत. जुन्या वाड्याच्या माळ्यावरचं गव्हाणी घुबड वासे उतरवायला घेतल्यावर दिसतं आणि मग अपशकुन म्हणून हाकललं जातं.

मग वर्तमानपत्रात वाक्य येतं, ‘पिल्लांना सुरक्षित स्थळी हलवण्यात आलं’. हे वाक्य मला खटकतं. बचाव केंद्रातले लोक जीव तोडून काम करतात, त्यांच्याबद्दल शंका नाही. पण चिमट्याने मांस खाल्लेल्या पिल्लाला वाऱ्यावर तरंगायला आणि झडप घालायला कोण शिकवणार? खाली पडलेलं पिल्लू धडधाकट असेल तर ते टोपलीत ठेवून त्याच झाडावर वर बांधावं, आईबाप त्याला तिथेच भरवतात. जखमी असेल तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे. हलवणं हा अगदी शेवटचा उपाय. तो पहिला झाला की ठेकेदाराला मोकळं रान मिळतं: घरटं आहे? फोन करा, घेऊन जातील.

आमच्या बाजूच्या, पक्ष्यांची बाजू घेणाऱ्या लोकांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. झाड वाचवायचं आहे, रस्ताच नको आहे, टॉवरमुळे आपल्या गॅलरीचा वारा अडतो, म्हणून घरटं पुढे करायचं, हे होतं. रस्ता नको असेल तर रस्त्याविरुद्ध भांडा, तो तुमचा हक्क आहे. पण घारीच्या नावाने मागितलेली मुदत घारीपुरतीच असली पाहिजे. पिल्लं उडाल्यावर दुसरं कारण शोधलं की पुढच्या खेपेला वृक्ष अधिकारी खऱ्या घरट्यावरही विश्वास ठेवत नाही. दुसरी जात छायाचित्रकारांची. गरुडाचं घरटं सापडलं की त्याचा ठिकाणा ग्रुपवर टाकायचा आणि रविवारी वीस जणांनी मोठ्या लेन्स घेऊन झाडाखाली उभं राहायचं. पोकलेनपेक्षा हा त्रास कमी नाही. घरट्याची माहिती साइट इंजिनिअरला, वनपालाला आणि झाडाच्या मालकाला असावी. व्हॉट्सअ‍ॅपला नसावी.

राहिला प्रश्न, वर बघायचं कुणी? ठेकेदाराने नेमलेल्या सल्लागाराने तर नाहीच. ज्याचं बिल ठेकेदार काढतो त्याला घरटं दिसत नाही, असा अनुभव आहे. वनखात्याने किंवा महापालिकेने जाणकार पक्षीनिरीक्षकांची यादी ठेवावी, पाळीपाळीने माणूस पाठवावा, मानधन कामाच्या खर्चात धरावं. दोन पाहण्या पुरतात: एक दसऱ्याच्या सुमारास, दुसरी संक्रांतीनंतर. निविदेत धुळीवर पाणी मारण्याची ओळ असते, मजुरांच्या तात्पुरत्या निवाऱ्याची असते, तशी पाहणीची ओळ घालावी आणि तिला दर लावावा. दर लागला की काम होतं, हे साइटवरचं साधं गणित आहे.

आणि कराराच्या मुदतवाढीच्या कलमात अवेळी पाऊस आणि आचारसंहिता यांच्या पंगतीला घरटंही बसवावं, म्हणजे थांबल्याबद्दल ठेकेदाराला दंड नाही. मात्र अट एक. दसऱ्याच्या पाहणीचा फोटोसह पंचनामा कामाच्या फायलीत हवा. तो नसेल तर मार्चमध्ये घरटं ‘अचानक’ सापडलं म्हणून मुदतवाढ नाही, आणि माहीत नव्हतं म्हणून सुटकाही नाही.